गडावर दाणे कोणी नेले?

संतसज्जन माय-बाप, एरवी सेवेला उभं राहिलं की आधी अभंग घ्यावा लागतो. आज अभंग घेतला नाही. आज एक प्रश्न घेतलाय, आणि तोही माझा नाही, एका म्हाताऱ्या आईचा आहे. तिने तो पोहरादेवीच्या रामनवमीच्या यात्रेत मला विचारला. त्या प्रश्नापायी मला वीस वर्षांचं माझं एक कीर्तन मोडून पुन्हा बांधावं लागलं. ते कसं मोडलं, ते तुम्हाला सांगतो. तुम्ही आता हे वाचताय म्हणून आणखी जरा सावकाश सांगतो. कीर्तनात टाळ वाजतो आणि चूक झाकली जाते. कागदावर टाळ नाही.

तर झालं असं. यात्रेची गर्दी तुम्हाला माहीत आहे. जगदंबेचं दर्शन, सेवालाल महाराजांची समाधी, उमरीकडे जाणारे जथे, नंगाऱ्याचा आवाज, आणि ऊन तर असं की मांडवाची कनात हाताला लागत नव्हती. त्या दिवशी मी माहूरगड लावला होता. पोहरादेवीचे निम्मे यात्रेकरू दुसऱ्या दिवशी माहूरला जातात, तेव्हा विषय लोकांच्या पायाशी असतो. हत्ती दरवाजा सांगितला, बुरूज सांगितले, मग रायबाघन सांगितली. माहूरची देशमुखीण, बादशहाची सरदारीण, खानाबरोबर शिवाजी महाराजांवर चालून गेली आणि उंबरखिंडीत कशी थरथर कापत शरण आली! तिचा आवाज काढायचा, पदर तोंडाला लावायचा, लोकांना हसवायचं. माझं हे ठरलेलं होतं. लोक हसले, टाळ्या पडल्या.

आरती झाली. बुक्का लावून घ्यायला रांग लागली. त्या रांगेत एक आई आली, तांड्यावरची. ऐंशीच्या पुढची असेल. हातभर चुडा, केसांत घुगरी-टोपली, डोक्यावर आरशांची ओढणी. पाया नाही पडली. म्हणाली, "महाराज, येक इचारू का जी?" म्हटलं, विचारा ना आई. म्हणाली, "तुमी गड सांगतला, राजा सांगतला, खान सांगतला. चांगलं सांगतलं. पन त्या गडावर दाणे कोनं नेले?"

मी गप्प. मागचा माणूस म्हणाला, चला आजी, पुढे चला. ती गेली पुढे.

रात्री झोप नाही आली, माय-बाप. आळंदीला शिकलो, ज्ञानेश्वरी पाठ केली, गाथा पाठ केली, शंका आली तर उत्तर कसं द्यायचं ते गुरुजींनी शिकवलं. आणि एका आईच्या दहा शब्दांना माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग लक्षात आलं की आपण माहूरला तीस-चाळीस वेळा तरी गेलो असू, पण गडावर? एकदाही नाही. रेणुकामातेच्या पायऱ्या चढायच्या, तांदळ्याचं दर्शन घ्यायचं, विड्याचा प्रसाद तोंडात टाकायचा, जीपमध्ये बसून दत्तशिखर, तिथून अनसूया, आणि परत. शेजारच्या डोंगरावर तटबंदी दिसते, जीपवाला हात करून सांगतो, "तो किल्ला", आपण मान हलवतो. तुम्हीही असंच करता ना? खरं सांगा. आणि त्या मान हलवण्यावर मी वीस वर्षं दोन-दोन तास बोललो!

दुसऱ्या दिवशी निघालो. दिग्रसहून पुढे गेलं, पैनगंगा ओलांडली की सागवानाचे डोंगर सुरू होतात. चैत्रात सागाला पान नसतं, त्यामुळे डोंगराची हाडं दिसतात. मोहाची फुलं वेचून संपलेली. पैनगंगा या डोंगरांना वळसा घालून जाते, आणि ज्याने इथे पहिल्यांदा तट घालायचा विचार केला त्याने ती नदी पाहूनच केला असणार. खालून नदीची राखण, वरून कड्याची. या डोंगरांच्या कुशीत पांडवलेणी म्हणतात ती कोरीव लेणीही आहेत. महानुभाव पंथाचं देवदेवेश्वर इथंच. सोनापीराचा दर्गाही इथंच. एका डोंगररांगेवर इतकी दैवतं का आली, याचा विचार माणूस चढताना करतो, कारण बोलायला दम उरत नाही.

गडाचं नाव रामगड. हत्ती दरवाज्यापाशी मी बसलो. साठी ओलांडलेल्या माणसाने बसावं तसा, दोन दगडांना धरून. आत महालांचे पडके अवशेष, तलाव, महाकालीचं देऊळ, झुडपांत शिरलेला तट. बसल्या बसल्या मी त्या चढणीकडे पाहत होतो. माझ्या खांद्याला एक झोळी आणि पाण्याची बाटली, तरी माझी ही दशा. मग शे-पाचशे माणसांचं वर्षाचं धान्य? तोफेची दारू? मीठ? चुना? घोड्यांचे हरभरे? आईचा प्रश्न मला तिथे कळला. मांडवात नव्हता कळला.

आता इतिहास ऐका. भराभर सांगतो, कारण राजांची नावं तुम्हाला पाठ करायची नाहीत.

रेणुकेचं देऊळ देवगिरीच्या यादवांच्या काळातलं, अशी परंपरा आहे. १४२५ च्या सुमारास अहमदशहा बहमनीने माहूर पुन्हा आपल्या ताब्यात घेतलं, आणि मग अचलपुरात मुक्काम ठोकून गाविलगड बांधला, नरनाळा दुरुस्त केला, असं फेरिश्ता लिहितो. म्हणजे वऱ्हाडचे तिन्ही मोठे डोंगरी किल्ले एकाच दमात इतिहासात येतात. पुढे महमूद गावानने वऱ्हाडचे दोन भाग पाडले, एक गाविलचा, एक माहूरचा. मग इमादशाही, १५७४ ला निजामशाही, १५९६ ला मोगल. दार तेच, पहारेकरी बदलत गेले. पुढे मुलूख निजामाच्या राज्यात गेला, आणि आज माहूर नांदेड जिल्ह्यात आहे.

मोगल आले तसे त्यांचे कारकूनही आले. अकबराच्या दरबारातल्या अबुल फजलने 'आईन-इ-अकबरी' म्हणून राज्याचा सगळा हिशोब लिहिला. त्यात माहूर आहे. डोंगरावरचा मजबूत किल्ला, जवळ दुर्गेचं देऊळ, आणि तिथल्या म्हशी उत्तम जातीच्या, अर्धा मण नि त्याहून जास्त दूध देणाऱ्या! बादशहाच्या पुस्तकात माहूरची म्हैस गेली, बरं का. मला ते वाचून फार बरं वाटलं. देवी, किल्ला आणि म्हैस, तिन्ही एका ओळीत मांडणारा माणूस खरा हिशोबी.

पण माझा श्वास थांबला तो त्याच हिशोबात आपल्या वाशीमपाशी. तेव्हा वाशीमला बासीम म्हणत. त्या सरकारात कोण कोण राहतं ते लिहिताना तो आधी हटकरांचं नाव घेतो, त्यांची शिबंदी सांगतो. आणि मग म्हणतो की इथे बंजारा म्हणून दुसरी जमात आहे, तिच्याजवळ शंभर घोडेस्वार आणि हजार पायदळ आहे, आणि सध्या त्यांच्यावर एका बाईचा हुकूम चालतो.

परत वाचा हवं तर. सव्वाचारशे वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. याच वाशीमच्या मातीत, याच तांड्यांवर, एक बाई हजार माणसांची नायकीण होती. अबुल फजलने तिचं नाव लिहिलं नाही. हटकर मोजले, घोडे मोजले, म्हशीचं दूध मोजलं, बाईचं नाव तेवढं राहिलं. सेवाभायांचा जन्म १७३९ चा, म्हणजे ही बाई त्यांच्याही आधी दीडशे वर्षं. मला प्रश्न विचारणारी आई डोळ्यांपुढे आली. मी तिला "चला आजी" म्हणू दिलं होतं.

आता रायबाघन. हिची मला क्षमा मागायची आहे, आणि ती मागायला कीर्तनाच्या गादीइतकी योग्य जागा नाही, कारण अपमान तिथूनच केला होता.

माहूरला उदाराम नावाचे ब्राह्मण देशमुख होते. आधी निजामशाहीत, मग मोगलांकडे. १६२३ साली शहाजहानने बापाविरुद्ध बंड केलं, हरला, नर्मदा-तापी ओलांडून पळत इकडे आला. तेव्हा त्याने आपले हत्ती आणि जड सामान माहूरच्या किल्ल्यात उदारामांच्या स्वाधीन केलं आणि तो तेलंगणाकडे गेला. पळणारा शाहजादा सामान कुठे ठेवतो? जिथे दाणागोटा आहे आणि माणूस विश्वासाचा आहे तिथे. हत्ती रोज किती खातो, ते माहुताला विचारा! त्याच घराण्यातली ही रायबाघन. नाव सावित्रीबाई सांगतात. घरातला कर्ता गेल्यावर तिने फौज सांभाळली, घोड्यावर बसली, आणि रायबाघन ही पदवी मिळवली. वाघीण म्हणजे वाघीण.

२ फेब्रुवारी १६६१. शाइस्ताखानाने कारतलबखानाला पुण्याहून कोकणात उतरायला पाठवलं, बरोबर रायबाघन. घाट उतरून फौज उंबरखिंडीत शिरली. दोन्ही बाजूंना डोंगर, मध्ये एका माणसाची वाट, गच्च झाडी. पुढचं आणि मागचं तोंड महाराजांनी दाबलं. वरून दगड आणि बाण. आणि खाली पाणी नाही. मी कीर्तनात हे पाणी कधी सांगितलं नाही, कारण पाण्यावर टाळी पडत नाही. पण शत्रूपेक्षा तहानेने ती फौज मोडत होती. अशा वेळी खानाच्या तोंडावर खरं बोललं कोण? रायबाघन. तिने खानाला बोल लावले की तू सैन्य सिंहाच्या तोंडात आणून ठेवलंस, आता माणूस पाठव आणि शरण जा. खानाने ऐकलं. महाराजांनी सामानसुमान ठेवून घेतलं आणि माणसं सोडून दिली.

ती महाराजांच्या विरुद्ध उभी होती. हे लपवायचं नाही. पण ती थरथर कापली, हे मी घातलं. कुठल्या पोथीत नाही, कुठल्या बखरीतून घेतलं नाही, माझ्या पदरचं. लोक हसावेत म्हणून. डोंगरी किल्ल्यावर वाढलेली बाई, दाणा-पाणी तुटलं की किती दिवस राहतात ते तिला ठाऊक होतं. खानाला ठाऊक नव्हतं. माझी जुनी कीर्तनं पोरांनी मोबाइलवर टाकली आहेत, ती आता परत येत नाहीत. कुणाच्या मोबाइलमध्ये माझी पदर तोंडाला लावणारी रायबाघन सापडली, तर हा कागद तिच्याशेजारी ठेवा.

आता दाणे. आईच्या प्रश्नाचं उत्तर.

डोंगराच्या चढणीला गाडी चालत नाही. चाकाला रस्ता लागतो. बैलाच्या पाठीवरची गोणी मात्र पायवाटेने जाते, ओढ्यातून जाते, घाटातून जाते. दोन्ही अंगांना दोन गोण्या, वर दोरी, पुढच्या बैलाच्या गळ्यात घंटा. याला लदेणी म्हणतात. हा शब्द तांड्यावरच्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा. लमाण शब्दाचं मूळ लवणात म्हणजे मिठात सांगतात, बंजाऱ्याचं वाणिज्यात. मीठ वर आणायचं, धान्य न्यायचं, आणि सगळा संसार त्याच बैलांबरोबर चालवायचा. पोर जन्मायचं वाटेवर, म्हातारा जायचा वाटेवर.

जहांगीर बादशहा आपल्या आठवणींत लिहितो की बंजाऱ्यांजवळ हजार-हजार बैल असतात, ते खेड्यातलं धान्य शहरात आणून विकतात, आणि फौजेबरोबर चालतात तेव्हा लाख लाख बैल असतात. पीटर मंडी नावाचा इंग्रज १६३२ मध्ये उत्तरेत प्रवास करत होता, त्याला वाटेत एकच तांडा भेटला, चौदा हजार बैलांचा. चौदा हजार! आपल्या यात्रेतल्या गाड्या मोजा आणि मग कल्पना करा. शहाजहानची फौज दख्खनेत उतरली तेव्हा भंगी-झंगी राठोडांचे एक लाख ऐंशी हजार बैल आणि भगवानदास वडत्याचे बावन्न हजार बैल तिच्याबरोबर होते, असं बंजाऱ्यांची परंपरा सांगते. १८०३ साली वेलस्ली गाविलगडावर चालून आला, डिसेंबरात गड घेतला. त्याच्या पत्रांत तोफांइतकीच काळजी बंजाऱ्यांच्या बैलांची आहे.

इथे कुणी मला म्हणेल, महाराज, म्हणजे लमाणांनी मोगलालाही दाणे दिले आणि इंग्रजालाही? दिले. मी आता गोड करून सांगणार नाही, एकदा तोंड पोळलंय. दाण्याला जात नाही नि झेंडा नाही. पण दाणा नेणाऱ्याचं पोटही त्याच दाण्यावर. छावणी आधी जेवते, गाव मागून जेवतं, हेही खरं. १६३० चा तो दुष्काळ आठवा. शहाजहान बुऱ्हाणपुरात फौज घेऊन बसला होता, आणि देहूत तुकोबारायांच्या घरात चूल पेटत नव्हती. त्यांची पहिली पत्नी त्या दुष्काळात अन्नावाचून गेली. आणि तुकोबांचा धंदा काय होता? वाण्याचा. बैलांवर गोण्या घालून तेही व्यापाराला जात. आपण अभंग म्हणतो, टाळ कुटतो, पण जगद्गुरूंच्या हाताला गोणीच्या दोरीचे घट्टे होते हे विसरतो.

तुकोबांची गोणी आठवली आणि माहूरची कथा मला निराळी दिसू लागली. परशुरामाने काय केलं? खांद्यावर कावड घेतली. एका पारड्यात बापाचा देह, दुसऱ्यात आई रेणुका. कोरी भूमी शोधत तो हिंडत हिंडत माहूरला आला, दत्तात्रेयांनी सांगितलं, इथे उतर. दोन्ही बाजूंना सारखं ओझं घेऊन डोंगर चढणारा पहिला माणूस इथला देव आहे! मी ही कथा शेकडो वेळा सांगितली, पण लदेणीचा बैल माझ्या डोळ्यांपुढे कधी आला नव्हता. हत्ती दरवाज्यापाशी बसलो तेव्हा आला.

पुढचं थोडक्यात सांगतो, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. १८५३ ला मुंबईची आगगाडी निघाली, १८६७ ला ती नागपूरला पोचली. वऱ्हाडातून रूळ गेले आणि बैलाच्या पाठीवरची गोणी उतरली. चारेक वर्षांत, १८७१ ला, इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. ज्यांच्याशिवाय त्यांचीच फौज एक मुक्काम पुढे सरकली नव्हती, त्यांना अनेक भागांत जन्मजात चोर म्हणून वहीत लिहिलं. ते जू १९५२ ला उतरलं. आणि त्याच तांड्यातून, पुसद तालुक्यातल्या गहुलीतून, वसंतराव नाईक आले. १९६३ पासून १९७५ पर्यंत मुख्यमंत्री. १९७२ चा दुष्काळ त्यांच्या वाट्याला आला. राज्याच्या दाण्याची काळजी वाहायला पुन्हा लदेणीच्याच घरचा माणूस. हा योग मी जोडत नाही, तो जुळलेलाच आहे.

२०२४ मध्ये पोहरादेवीला बंजाऱ्यांच्या वारशाचं मोठं संग्रहालय झालं. पाहाच. पण ते पाहून झालं की माहूरला जाल तेव्हा गडही चढा. सकाळी लवकर निघा, उन्हाच्या आत. पाणी खालून न्या. म्हाताऱ्या माणसांनी हत्ती दरवाज्यापर्यंतच जावं, हट्ट करू नये. मी केला, दोन दिवस गुडघे धरून बसलो होतो. पोरांनी दगडांवर नावं लिहू नयेत.

पुढल्या रामनवमीला मी मुद्दाम पोहरादेवीची तारीख घेतली. कीर्तनात हे सगळं सांगितलं, नायकीण, रायबाघन, चौदा हजार बैल. पदर तोंडाला लावला नाही. हशा कमी झाला. आई मांडवात पुढेच बसली होती, नातीला टेकून. आरती झाल्यावर मी स्वतः खाली उतरलो, तिच्यापाशी गेलो. म्हटलं, आई, सापडलं बरं उत्तर. गडावर दाणे तुमच्या माणसांनी नेले.

तिने माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "ते आमाले मालूमच व्हतं जी. तुमाले मालूम हाय का, ते पायत व्हती मी."

मग नातीने पिशवीतून भाकरी काढली, तिघांनी खाल्ली.